सईच्या मनगटासाठी

रत्नागिरी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर बाळाला उचलताना तू ओठ चावलास, ते मी पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला सूजही दिसली. सासूबाईंना हा बाळंतवात वाटतो, पण मला हे डी क्वेरव्हेनचं दुखणं वाटतं. त्या नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये ते नोंदवलं. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, तिथे एकाच अरुंद म्यानातून जातात. म्यान जाड झालं की त्या अडकत घासतात.

मिरकरवाड्यातल्या मासळी सोलणाऱ्या बायका हेच दुखणं घेऊन माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात. त्यांना काम सोडा म्हणता येत नाही. तुलाही बाळ घेऊ नकोस म्हणणार नाही, फक्त उचलायची रीत बदल. अंगठे फाकवून काखेत हात घालू नकोस. एक तळवा बाळाच्या ढुंगणाखाली, दुसरा मानेमागे, मनगटं सरळ, अंगठा बोटांजवळ, आणि जोर दंडांचा. पाजताना डोकं वाकड्या मनगटावर पेलू नकोस, हाताखाली उशी घे. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणंही सध्या बंद.

अंगठ्यासकट मनगट धरणारा स्प्लिंट आण. नुसत्या क्रेप बँडेजने अंगठा मोकळाच राहतो. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेव. मालिशवाल्या मावशींना पाठ-पाय खुशाल चोळू दे, पण मनगट अजिबात नाही! हे दुखणं ओळखायला अंगठा आत घेऊन मूठ वळतात आणि मनगट करंगळीकडे वाकवतात, ती चाचणीही सारखी करून बघू नकोस, प्रत्येक वेळी कंडरा ताणली जाते.

या आठवड्यातच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखव. अंगावर पाजतेस हे आधी सांग, मनाने गोळी घेऊ नकोस. स्प्लिंटने उतरलं नाही तर ते म्यानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतील. त्याला घाबरू नकोस, बऱ्याच जणींना त्याने आराम पडतो. ऑपरेशन क्वचितच लागतं, आणि तेही तेवढीच जागा बधिर करून म्यान मोकळं करण्यापुरतं. मात्र मनगट लाल, गरम झालं किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा.

शनिवारच्या रात्रीच्या एसटीने मी निघते. तोवर बाळाची आंघोळ निखिलरावांकडे दे. ओलं, निसटतं बाळ धरताना अंगठ्यावर फार ताण येतो.

तुझी,
आई