ती दोन नावं राहिलीच की!

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला डिस्कोवरचा लेख वाचला, मजा आली, पण एक गोष्ट खटकली. अमेरिकन गायिका ग्लोरिया गेनरच्या 'आय विल सर्व्हाइव्ह' ह्या गाण्यावर अख्खा परिच्छेद आहे आणि त्यात फ्रेडी पेरन, डिनो फेकारिस ही नावंच नाहीत! अहो, गाणं लिहिलं त्यांनी, प्रोड्यूस केलं त्यांनी.

1975 च्या सुमाराला 'नेव्हर कॅन से गुडबाय'मुळे बाई डिस्कोची राणी झाल्या होत्या, पण 78 उजाडेपर्यंत सगळं थंड पडलेलं, त्यात स्टेजवर पडून मणक्याचं ऑपरेशन, आणि रेकॉर्डिंगला पाठीला ब्रेस बांधून उभ्या राहिल्या. बाईंच्या रेकॉर्ड कंपनीला हवं होतं 'सबस्टिट्यूट' हे गाणं, ते गेलं रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला, म्हणजे ए साईडला, आणि 'आय विल सर्व्हाइव्ह' मागच्या बाजूला भरती म्हणून. फेकारिसला मोटाऊन ह्या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने नोकरीवरून काढून टाकलं होतं, त्यातून हे गाणं आलं, म्हणजे आपण ज्याला प्रेमभंगाचं गाणं समजून नाचतो त्याचं मूळ नोकरी गेलेल्या माणसाकडे आहे, मला तर ह्याची फारच गंमत वाटते.

पेरन म्हणजे मायकल जॅक्सन आणि त्याच्या भावांच्या जॅक्सन फाइव्ह ह्या ग्रुपची गाणी करून तयार झालेला गडी. कुठे काही घालायचं नाही हे त्याला बरोब्बर कळायचं. पियानोवर एकदा झरकन हात फिरतो, मग ठेका नाहीच, बाई जवळजवळ बोलतायत, आणि मग कुठे बीट येतो. मागे कोरस नाही. पूर्ण गाणंभर एकटा आवाज. भरतीचं गाणं म्हणून कंपनीने फार लक्ष घातलं नाही, तेच बरं झालं असं माझं मत.

मग न्यूयॉर्कच्या स्टुडिओ 54 ह्या नाइटक्लबमध्ये डीजे रिची काझोरने रेकॉर्ड उलटी करून लावली आणि पब्लिक येडं झालं. मार्च 1979 मध्ये अमेरिकेत नंबर वन, 1980 ला डिस्कोचं ग्रॅमी, जे त्या एकाच वर्षी दिलं गेलं!

आपल्याकडे तरी काय वेगळं, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ह्या गोव्याच्या अरेंजर लोकांनी हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा बांधले आणि नाव कुणाचं छापून आलं ते सांगायला नको. तेव्हा पुढच्या रविवारी चौकटीत दोन ओळी छापा, एवढंच.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली