वयाचा उतारा मागवायला २८ वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे लिपिक होतो. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असे. त्यात जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहायची आणि खाडाखोड केलेली चालत नसे. त्यामुळे आरोपीच्या वयाची बातमी आली की मी ती थांबून वाचतो.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात कोथरूडला एकाच घरात पाच स्त्रिया आणि दोन बालकांचा खून झाला. एक स्त्री गरोदर होती. त्या घराचे दुःख मी क्षणभरही लहान मानत नाही. पकडलेल्या तिघांपैकी एक माफीचा साक्षीदार झाला आणि दोघांना १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि पाठोपाठ पुनर्विलोकनाचा अर्जही. इतक्या पायऱ्यांवर पुरावा तपासला गेला, पण दोघांतल्या एकाचे वय वीसच्या घरात लिहिले होते, तेच पुढे चालत राहिले. बिकानेर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेच्या रजिस्टरप्रमाणे तो गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद मान्य करून त्याला सोडले. बालगुन्हेगार म्हणून त्याला फार तर तीन वर्षे विशेष गृहात ठेवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि त्यातली बरीच वर्षे फाशीच्या छायेत गेली.

बारा वर्षांचा मुलगा असे करू शकेल का, हा प्रश्न मलाही छळतो. न्यायालयालाही त्याने धक्का बसला होता. पण अशा तर्काने नोंद खोडता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मला ते पटते.

शाळेची नोंद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? आमच्या रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख पानोपानी सापडे. ऊसतोडीहून आलेली आई ‘पोळ्याच्या आसपास झाला’ एवढेच सांगायची आणि गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. तरीही ती नोंद गुन्ह्याच्या कितीतरी आधीची असते, कोणाला वाचवण्यासाठी केलेली नसते. म्हणूनच कायद्याने आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी, असा क्रम लावला आहे. निकाल अंतिम झाल्यावरही वयाचा मुद्दा मांडता येतो, ही तरतूद २००६ मध्ये स्पष्ट शब्दांत आली. पण तो मांडणार कोण? गाव हजार किलोमीटरवर, घरचे भेटीला येत नाहीत, वकील सरकारी खर्चाने दिलेला. २०२४ च्या कल्याणीनगर अपघातात गाडी चालवणारा अल्पवयीन आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत होते. दोन तरुण जीव गेले, लोकांचा संताप रास्तच होता. पण आपले वय वेळेवर न्यायाधीशांपर्यंत पोहोचणे, हे पाठीशी कोणी असलेल्या मुलालाच का मिळावे?

माझी मागणी साधी आहे. पहिल्या रिमांडच्या वेळीच तरुण आरोपीच्या शाळेचा उतारा फाइलला लागावा. अपिलात, विशेषतः फाशी कायम करण्यापूर्वी, उच्च न्यायालयाने तो स्वतःहून मागवावा. अटकेच्या वेळी ज्यांचे वय एकवीसच्या आत लिहिले होते, अशा आज तुरुंगात असलेल्या प्रत्येकाचे कागद जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तपासावेत.

माझ्या नोकरीत एकदाच एक हवालदार असा उतारा मागायला आला होता. मारामारीच्या गुन्ह्यात आमचा एक माजी विद्यार्थी पकडला गेला होता, कागदावर एकोणीस वर्षांचा. मी कपाटातून रजिस्टर काढले, नोंद निघाली सतरा वर्षांची. उतारा लिहून, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेऊन हवालदाराच्या हातात द्यायला मला वीस मिनिटे लागली.

आपला,
एक निवृत्त शालेय लिपिक, सातारा