आई-बाबा, दसऱ्याला माझे येणे होणार नाही

ह्यूस्टन, रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

शुक्रवारी फोनवर सांगायचे होते ते सांगता आले नाही. आई, माझी गादी माळ्यावरून काढून उन्हात घातल्याचे तू सांगितलेस आणि पुढे माझी जीभच रेटेना, म्हणून लिहिते आहे. दसऱ्याला माझे येणे होणार नाही. मी नोकरी बदलली आहे आणि नव्या कामाची पहिली तुकडी ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्यामुळे तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी तुझ्या उशाशी नसेन. ५ जानेवारीला येते आणि सहा आठवडे राहते. तिकीट काढूनच हे पत्र लिहायला बसले आहे.

जुन्या ठिकाणी माझे कुणाशी बिनसले, असे कृपा करून समजू नका. नवी संस्था नफ्यासाठी चालवलेली नाही. पेट्रोल, अमोनिया, क्लोरीन, आम्ले असा धोकादायक माल ट्रकने किंवा रेल्वेने जातो, तेव्हा तो भरणाऱ्या, उतरवणाऱ्या आणि नेणाऱ्या कामगारांना जे शिकवतात, त्या प्रशिक्षकांना मी तयार करणार आहे. त्याचा खर्च इथल्या केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याच्या अनुदानातून होतो.

बाबा, 'अनुदान' हा शब्द वाचताच तुमच्या कपाळाला आठी पडली असणार, कारण दादाच्या शाळेच्या अनुदानापायी आपण सर्वांनी काय सोसले ते मी विसरलेले नाही. इथली रीत वेगळी आहे. असा माल पाठवणाऱ्या आणि वाहणाऱ्या कंपन्यांना सरकारकडे नोंदणी करून शुल्क भरावे लागते, ते वेगळ्या निधीत जमा होते आणि त्यातला काही पैसा प्रशिक्षक घडवण्यासाठी खर्च करावा अशी तरतूद कायद्यातच आहे. तरीही संस्थेला हे अनुदान पुन्हा पुन्हा अर्ज करून मिळवावे लागते, हे तुमच्यापासून लपवत नाही. म्हणूनच वर्षभर पुरेल एवढी शिल्लक मी आधी बाजूला ठेवली. ग्रीन कार्ड हातात आहे, आरोग्य विमा आहे, घर तेच आहे, आणि घरी येणाऱ्या पैशांत एका रुपयाचीही कपात होणार नाही. पगार कमी झाला आहे, पण माझ्या जेवणाखाण्यात त्याने काही फरक पडत नाही. भाकरीचे पीठसुद्धा इथे दहा मिनिटांवर मिळते.

हे सगळे कशासाठी, ते सांगते. मागच्या वर्षी एका ठिकाणी तपासणीला गेले असता अमोनियाच्या टँकरला होज जोडायला निघालेल्या एका पोराला मी विचारले की पाटीवरच्या १००५ चा, म्हणजे आतला माल अमोनिया आहे हे सांगणाऱ्या क्रमांकाचा, अर्थ काय. तो म्हणाला, गाडीचा नंबर असेल. त्याला तासाभराचा व्हिडिओ दाखवून सही घेतली होती. नव्या माणसाला शिक्षण मिळेपर्यंत फार तर ९० दिवस, तेही जाणत्याच्या नजरेखाली, काम करता येते आणि दर तीन वर्षांनी ते शिक्षण पुन्हा द्यावे लागते, असा इथला नियम आहे. पण शिकवणाराच कच्चा असेल तर नियम कागदावर राहतो. त्या पोराला मी आपत्कालीन मार्गदर्शिकेत, म्हणजे अपघात झाला तर कोणत्या मालाचे काय करायचे ते सांगणाऱ्या पुस्तकात, १००५ शोधायला लावले, तिथून १२५ क्रमांकाच्या सूचनांवर नेले, आणि वायू श्वासात गेला तर काय होते ते त्याने स्वतः मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर त्याने हातमोजे बदलले. एकेकाला असे गाठून मी किती जणांपर्यंत पोहोचणार? एक चांगला प्रशिक्षक तयार झाला तर तो वर्षानुवर्षे शिकवत राहतो.

बाबा, हा नाद तुमचाच आहे. सुट्टीत तुमच्या एसटीत पुढे बसून कशेडी घाट चढताना समोरच्या टँकरचा नंबर तुम्ही मला वाचायला लावायचात. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे गॅस. मी बरोबर सांगितले की पोलादपूरला लिमलेटची गोळी मिळायची, आणि नंबर वाचता आला नाही तर तुम्ही गाडी आणखी मागे ठेवायचात. २०२३ साली ओहायोत ईस्ट पॅलेस्टाइनला धोकादायक रसायनेही नेणाऱ्या मालगाडीचे ३८ डबे घसरले, त्या वेळीही सर्वांत आधी तुमचाच फोन आला होता.

आई, रागावू नकोस. ऑपरेशनच्या दिवसापासून वहिनी पंधरा दिवस तुझ्याजवळ राहणार आहे, आणि मामींनी रात्रीच्या सोबतीचे स्वतःहून कबूल केले आहे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम दुखले तरी चुकवायचे नाहीत. न्हाणीघरात दादा दांडा बसवून घेईल, तो बसेपर्यंत एकटीने आंघोळीला जायचे नाही. रक्तदाबाची गोळी 'आज बरे वाटते' म्हणून सोडायची नाही. बाबांनी साखर मोजूनच घ्यायची आणि अंधारात स्कूटर काढायची नाही. तुझ्या हातची आमटी मला जानेवारीत हवी आहे, पण ती खुर्चीवर बसून सांग, मी करीन.

बाबा, एक काम करा. महाडच्या बाजूला एखादा टँकर उभा दिसला तर त्याच्या पाटीचा फोटो काढून पाठवा, पण लांबून. पहिल्या दिवशी वर्गात तोच दाखवणार आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, ती गादी तू माळ्यावर चढवू नकोस. दादा येईपर्यंत ओटीवरच राहू दे.