मुलांच्या बातम्या कुणी शोधून बघत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या हातातल्या मोबाइलवरची आपली लेखमाला वाचली. तीत कार्टून आली, गेम आले, रील्स आल्या. बातम्यांचा उल्लेख कुठेच नाही, आणि त्यात नवल नाही. मुलांसाठी टीव्हीवर वेगळ्या बातम्या असतात हे मलाही साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी तर जन्मभर मास्तरकी केलेली बाई.

गेल्या वर्षी लेकीकडे लेस्टरला पाच महिने राहिले. नात तिथल्या सरकारी शाळेत चौथीत आहे. एके दिवशी शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आजी, आज वर्गात पुराची बातमी दाखवली. पाणी गेल्यावर चिखल राहतो ते त्यांनी सांगितलंच नाही. मग मी उठून सांगितलं, माझ्या आजीच्या घरात राहिला होता." आमचं घर चिपळूणचं. २०२१च्या जुलैतला तो चिखल तिने व्हिडिओ कॉलवर पाहिला होता. वर्गात दाखवली ती बातमी बीबीसीच्या 'न्यूजराउंड' या मुलांच्या बातमीपत्राची. सकाळी हजेरीच्या आसपास बाई फळ्याजागी लावलेल्या पडद्यावर ती सुरू करतात. जेमतेम पाच-सात मिनिटांचं काम.

मग मी या न्यूजराउंडच्या मागेच लागले. ४ एप्रिल १९७२ला थोड्या आठवड्यांचा प्रयोग म्हणून तो सुरू झाला. जॉन क्रेव्हन नावाचे निवेदक रंगीबेरंगी स्वेटर घालून मुलांना जगातल्या बातम्या सांगत. शेजारच्या पन्नाशीतल्या बाईंना त्यांचं नाव काढताच हसू फुटलं. शाळा सुटल्यावर मुलांचे कार्यक्रम लागत आणि त्यांच्या मध्येच हा. "आम्ही काही बातम्यांसाठी बसायचो नाही, पुढच्या कार्टूनसाठी बसायचो," असं त्या म्हणाल्या. पण २८ जानेवारी १९८६चा दिवस त्या विसरलेल्या नाहीत. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर यानाचे तुकडे झाले, आणि ब्रिटनमध्ये टीव्हीवर ही बातमी सर्वांत आधी दिली ती न्यूजराउंडने. यानातल्या सात जणांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती. शेजारीणबाईंनी धावत स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. घरातली मोठी बातमी त्या दिवशी मुलीकडून आईला कळली.

"पुढच्या कार्टूनसाठी बसायचो" हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलांच्या बातम्यांचं सगळं बळ त्यात होतं. आठ वर्षांचं पोर उठून बातम्या मागत नाही. ती त्याच्या वाटेत यावी लागते. आता वाटच उरलेली नाही. २०१२च्या अखेरीस बीबीसीने मुलांचे कार्यक्रम मुख्य वाहिनीवरून काढून सीबीबीसी या मुलांच्या वाहिनीवर नेले. पुढे मुलं टीव्हीसमोरूनच उठून यूट्यूबकडे आणि नेटफ्लिक्सकडे गेली. तेव्हा २०२०मध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेच्या परवानगीने दुपारचं बातमीपत्र बंद झालं. सीबीबीसीवर नव्या बातम्यांचे वर्षाला किमान ८५ तास द्यावे लागत, ते ३५वर आले. आणि २०२२मध्ये, म्हणजे न्यूजराउंडला पन्नास वर्षं झाली त्याच वर्षी, ही वाहिनीच येत्या काही वर्षांत प्रक्षेपणातून काढून फक्त इंटरनेटवर ठेवण्याचा इरादा बीबीसीने जाहीर केला.

मला यात बीबीसीला शिव्या घालायच्या नाहीत. दुपारी चारला पडद्यासमोर मूलच नसेल तर बातम्या सांगायच्या कुणाला? त्यांनी सकाळचं बातमीपत्र राखलं, कारण ते शाळांत बघितलं जातं, आणि वेबसाइटकडे जास्त माणसं वळवली. हिशेब चुकलेला नाही. पण नातीच्या घरी काय होतं ते मी रोज पाहत होते. टॅबलेटवर बीबीसीचं अ‍ॅप आहे, त्यात न्यूजराउंड आहे. पाच महिन्यांत तिने आपणहून एकदाही त्यावर बोट ठेवलं नाही. आमच्या शाळेच्या कपाटातल्या पुस्तकांसारखं ते: तपासणीला साहेब आले की सगळी हजर, पण किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. यूट्यूब तर काल पाहिलं त्याचंच भावंड आज पुढे करतं. चिकट स्लाइमचे व्हिडिओ पाहणाऱ्या पोरीला ते आणखी स्लाइम देईल, पूर देणार नाही. आणि चुकून दिलाच, तर मोठ्यांसाठीचा देईल, प्रेतांसकट.

वर्गात मात्र तीच मुलगी रोज बातम्या बघते, शेजारच्या बाकावरच्या मुलाबरोबर, आणि मध्येच उठून चिखलाचं सांगते. म्हणून मला वाटतं, जगात जिथे कुठे मुलांच्या बातम्या टिकतील तिथे त्या शाळेच्या आधाराने टिकतील. ऑस्ट्रेलियाचा 'बिहाइंड द न्यूज' १९६८पासून शाळांसाठीच चालतो. पैशाअभावी २००३ला बंद पडला आणि २००५ला परत आला. अमेरिकेत मात्र शाळेचाच धंदा झाला. 'चॅनल वन' नावाच्या कंपनीने शाळांना टीव्ही संच दिले आणि बदल्यात रोज बारा मिनिटं घेतली. त्यात दोन मिनिटं जाहिराती. वर्गात, हजेरी लावून, सक्तीने. १९९०पासून २०१८पर्यंत हे चाललं. उद्या आपल्याकडे कुणी कंपनी फुकट टॅबलेट घेऊन दारात आली, तर ही दोन मिनिटं आठवावीत.

आता आपल्याकडे. 'आपल्याकडे असलं काही नाही' असं सुरुवातीला मलाही वाटलं होतं, पण ते पुरतं खरं नाही. आपल्याकडे परिपाठ आहे. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं एखादं चौथीतलं पोर रोज सगळ्या शाळेपुढे उभं राहून "आजच्या ठळक बातम्या" वाचतं, ही गोष्ट मी लेस्टरला सांगितली तर शेजारीणबाईंना खरी वाटेना.

त्यातली मेख मात्र मला १ ऑक्टोबर १९९३ला कळली. आदल्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. आमच्या गावात वर्तमानपत्र एसटीने यायचं, दुपारी. म्हणून बातम्यांची पाळी असलेला मुलगा आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकून वहीत उतरवून आणायचा. त्या दिवशी त्याने मृतांचा आकडा खणखणीत आवाजात वाचला, आणि पहिलीतली एक मुलगी रडायलाच लागली. तिचं घर मातीचं. आम्ही कोयनेच्या शेजारचे, भांडी वाजली की अंगणात पळायची सवय घरोघरी. १९६७च्या भूकंपाची आठवण प्रत्येक आजीकडे. "बाई, आज रात्री आपल्याकडे होईल का?" असं तिने विचारलं. मी तिला "गप्प बस, काही होत नाही" म्हणाले. ते खोटं होतं, आणि मुलांना ते खोटं आहे हे कळलं.

लेस्टरला न्यूजराउंडचे जुने-नवे भाग पाहताना ते उत्तर सारखं आठवत होतं. तिथे भयंकर बातमी टाळत नाहीत. काय झालं ते सरळ सांगतात, कुठे झालं ते नकाशावर दाखवतात, मदतीला कोण गेलं ते सांगतात, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतात. बातमीने मन बेचैन झालं तर काय करावं, यासाठी वेबसाइटवर वेगळं पान आहे. हे आपोआप जमत नाही. त्यासाठी पगार देऊन माणसं बसवावी लागतात. आमच्या वेळी तो मुलगा होता आणि मी होते. आता तेही नाही. आता परिपाठ आयता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. सकाळी जिल्हाभर एकच सुविचार, आणि कुठल्यातरी पोर्टलवरून उचललेले पाच मथळे, ज्यांतले तीन चौथीच्या मुलाला सोडाच, मलाही दोनदा वाचावे लागतात.

साधनं नाहीत असं नाही. पुण्यात १९८४ला बालचित्रवाणी ही मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था उभी राहिली होती. ती २०१७मध्ये बंद केली. करोनात शाळांना कुलपं होती तेव्हा २०२०मध्ये 'टिलीमिली' मालिका सह्याद्री वाहिनीवर लागायची आणि इंटरनेट नसलेल्या वाड्यांवरची मुलं ती पाहायची. प्रसार भारतीने २०२४मध्ये गोव्याला 'वेव्हज' हे स्वतःचं अ‍ॅपही काढलं. सह्याद्रीने रोज सकाळी शाळा भरण्याआधी पाच मिनिटांचं मराठी बातमीपत्र मुलांसाठी करावं, आणि तेच रेंज नसलेल्या शाळेतल्या गुरुजींनाही आदल्या संध्याकाळी उतरवून घेता येईल इतक्या हलक्या फाइलमध्ये द्यावं. अ‍ॅपवरही जरूर ठेवावं, पण तिथे ठेवलं म्हणजे मुलांपर्यंत पोचलं असं समजू नये.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपण आपल्या दैनिकात रोज एक कोपरा द्यावा: 'परिपाठासाठी', चार बातम्या, मोठ्या टायपात, परिपाठात उभं राहून वाचता येतील अशा वाक्यांत. पहिला महिना मी लिहून द्यायला तयार आहे. मानधन नको. अट एकच, अंक आमच्याकडे दहाच्या आत पोचला पाहिजे. हल्ली तो पुन्हा एसटीच्या वेळेवर यायला लागला आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
चिपळूण