परदेशातून, म्हणजे मडगावाहून

मडगाव,
रविवार, दुपार

ती. आई आणि आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून आज्जी म्हणेल, "आलं पोरीचं परदेशातनं पत्र." तिला सांगा, गोवा १९ डिसेंबर १९६१ ला भारतात आला. पण तिच्या वडिलांना बांद्याच्या पुढं पाऊल टाकायला परवाना लागायचा आणि तिच्या डोक्यात ती हद्द अजून तशीच आहे, तर असू दे. गडहिंग्लजहून एसटीनं चार-पाच तासांची वाट, पण गेल्या आठवड्यातल्या फोननंतर मलाही ते अंतर जरा जास्तच वाटायला लागलंय.

म्हणूनच पत्र लिहिते आहे. फोनवर आबा नुसतं "बरं" म्हणतात आणि फोन आईकडं देतात. पत्र असं मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

आधी तब्येत. मी ठणठणीत आहे. खोली तीच, हॉस्पिटल तेच, सावंतवाडीची रूममेट तीच आणि तिचं घोरणंही तेच. दिवाळीत हिमोग्लोबिन ८.६ होतं, ते आता ११.४ झालंय. बाराला पोचलं की डॉक्टर गोळ्या कमी करणार आहेत. आई, "दुसऱ्यांना आहार सांगतेस आणि स्वतःचं रक्त बघ" हे तू चार वेळा म्हणून झालंस. पाचव्यांदा नको.

आता तो फोटो. आत्यानं माझं स्टेटस बघितलं, बोटांनी मोठं करून बघितलं, मग तुम्हाला पाठवलं आणि वर विचारलं, "हे काय हो?" आत्याची नजर चांगली आहे, डोळ्यांचं ऑपरेशन कामी आलं म्हणायचं. ताटात होतं ते बीफ स्टेक होतं. ताट माझंच होतं. फोटो रूममेटनं काढला, पण स्टेटसला मीच टाकला आणि तासाभरानं काढून टाकला, यावरून काय ते समजा.

आमची मालकीण आंटी तुम्हाला माहीत आहे. आजारपणात तिनंच मला दोन आठवडे पेज घातली. तिच्या घरी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी मांस बंद. शेजारचे काका हिंदू, मराठी पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचणारे. त्यांच्याकडं सोमवारी मासे बंद. आमच्या जिन्यात कुणाच्या घरी कधी काय बंद हे रोज लक्षात ठेवावं लागतं. ईस्टर झाल्यावरच्या रविवारी आंटीनं जेवायला बोलावलं आणि समोर हे ठेवलं. तिच्या भाषेत त्याला 'बीफ'च म्हणतात, पण अर्थ 'स्टेक'. पोर्तुगीजांचा शब्द. वर तळलेलं अंडं ठेवलं की ते घोड्यावर बसलेलं अंडं. पोर्तुगीज नाव खरंच तसं आहे, मी रचून सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून उमगत नव्हती, ती सविस्तर सांगते, कारण आबा, तुम्हाला ती ऐकूनच राग येईल. तव्यावरून मांस उतरलं की ते वाढत नाहीत! आपल्याकडं रस्सा चुलीवरून थेट ताटात, वाफ गेली तर आई ताट उचलून नेते. इथं आंटी तो तुकडा लाकडी पाटावर ठेवते, वर ताट उपडं घालते आणि घड्याळाकडं बघत बसते. पाच मिनिटं. मी हात पुढं केला तर म्हणाली, "राव गो!" सगळे जेवणारे भुकेले, पाव फोडून बसलेले, बटाटे गार होतायत आणि कुणी त्या ताटाला हात लावत नाही. देवाला नैवेद्य दाखवून डोळे मिटल्यासारखी सगळी मंडळी. गावात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात हे मी समजून घेतलं होतं, पण मांसानंसुद्धा वामकुक्षी घ्यावी?

मग मी वाचलं आणि आंटीलाच विचारलं. कारण असं आहे की, आचेनं मांसाचे धागे आवळतात. आतला रस तेव्हा पातळ आणि सैल असतो. लगेच कापलं तर तो सगळा पाटावर सांडतो. जरा थांबलं की धागे सैलावतात, रस दाटतो आणि आत राहतो. शिवाय आतली ऊब त्या पाच मिनिटांतही शिजवत राहते, म्हणून ते थोडं आधीच उतरवायचं. शिजलं की नाही ते आंटी अंगठ्याच्या बुडाशी हाताचा मऊ गड्डा दाबून, मग मांस दाबून, दोन्ही ताडून ठरवते. मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन गेले, तेव्हा ती हसली आणि तिनं दोन्ही करून दाखवलं. आत ६३ अंश यायला हवं असं आमच्या पुस्तकात आहे. तिच्या अंगठ्यानं ६२ काढले.

आणि हो, आत्याला सांगा, फोटोत जे लाल पाणी दिसतंय ते रक्त नव्हे. रक्त आधीच निथळलेलं असतं. स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा तो रंग. आत्याला पटणार नाही, पण सांगायचं काम केलं.

आबा, तुम्ही फोनवर विचारलं नाहीत, पण आईच्या मागून आवाज आला, "तिथं कायदा-बियदा हाय का न्हाई?" आहे. गाय कापायला इथंही १९७८ पासून बंदी आहे. बैल आणि म्हशीला मात्र, नांगराला किंवा दुधाला उपयोग उरला नाही असा पशुवैद्याचा दाखला असेल तर परवानगी मिळते. त्यासाठी उसगावला सरकारी कत्तलखाना आहे. आपल्याकडं २०१५ पासून बैलही बंद झाले. इथं पुष्कळसा माल बेळगावकडून यायचा. २०२१ सुरू होताना कर्नाटकाचा नवा कायदा आला आणि इथल्या खाटकांची दुकानं कित्येक दिवस ओस पडली. आंटी अजून ते दिवस आठवून डोक्याला हात लावते.

आता तुम्ही विचाराल की तब्येतीला ते चांगलं की वाईट. हा माझा धंदा आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. शंभर ग्रॅम शिजवलेल्या, चरबी काढलेल्या बीफमधून पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात, दोन-अडीच मिलिग्रॅम लोह आणि ब-१२ ची दिवसाची गरज जवळजवळ भागते. नाचणीतही लोह आहे, उलट जास्तच, पण धान्यातलं लोह अंगी लागतं शेकड्याला दोन ते वीसच्या दरम्यान, आणि मांसातलं पंधरा ते पस्तीस. म्हणून वहिनीला सांग, या दिवसांत उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवल्यावर लगेच चहा नाही. चहा लोह अडवतो. ती ऐकणार नाही, पण दादासमोर सांग.

म्हणजे निरोगी माणसाच्या ताटात स्टेक बसू शकतो. हाताच्या तळव्याएवढा, बोटं सोडून. आठवड्याला शिजवलेलं लाल मांस साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत. करपवायचं नाही, भाजी आणि डाळ बाजूला हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये लाल मांस कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं आणि सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं तर त्याहून वरच्या, खात्रीच्या गटात. पण आबा, लाल मांस म्हणजे नुसतं बीफ नव्हे. आपलं रविवारचं मटणही त्याच यादीत आहे. तांबडा रस्सा लाल म्हणून नाही, बकरं म्हणून. तेव्हा माझ्या ताटाकडं बोट दाखवताना स्वतःची वाटी जरा झाकून ठेवा.

हे सगळं लिहिलं आणि मधे चहा करून आले. (जेवल्यावर लगेच नाही.) परत वाचलं तर मी पेशंटच्या नातेवाइकाला समजावते तसं वाटलं. तेव्हा पुढचं सरळ सांगते.

तब्येतीसाठी खाल्लं, असं तुम्हाला सांगायचं मी ठरवलं होतं. रूममेटनंही तेच सुचवलं होतं, "डॉक्टरांनी सांगितलं म्हण." आईनं ते मान्यही केलं असतं, औषध म्हणून आईला काहीही चालतं. पण मी हिशोब मांडला आणि तो येत नाही. एकूण तीन वेळा खाल्लं. तिन्ही वेळचं मिळून फार तर साडेसात मिलिग्रॅम लोह. माझ्या एका गोळीत साठ असतं. रक्त गोळ्यांनी वाढलं, आई. स्टेक मी खाल्लं कारण पहिल्यांदा आंटीला नाही म्हणवेना, आणि पुढच्या दोन वेळा मला आवडलं.

कशाचं होतं, हेही विचाराल. म्हशीचं असावं असं मी धरून चालले होते. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'बीफ' असतं. आंटीबरोबर शनिवारी तिथं गेले तेव्हा विचारायची संधी होती. विचारलं नाही. त्याऐवजी मी मऊ तुकडा कुठला असं विचारलं. खाटकानं दाखवलं, 'अंडरकट', कण्याच्या खाली आतल्या बाजूला असतो, जनावर चालतं-ओढतं त्यात त्याला काहीच काम नसतं म्हणून लोण्यासारखा. आणि सगळ्यात चिवट कुठला, तर मानेचा आणि खांद्याचा. तो तासन् तास शिजवावा लागतो. का, ते त्यानं सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. जू तिथंच बसतं.

त्यानंतर खाल्लेलं नाही. शपथ वगैरे घेत नाही, कारण आंटीच्या घरात राहते आणि उद्याचं मला माहीत नाही. पण त्या शनिवारनंतर नाही. आंटीनं कारण विचारलं नाही, माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी टाकते आणि बटाटाही पाच मिनिटं ताटाखाली झाकून ठेवते.

बरं, आता कामाचं. या महिन्याचे चौदा हजार दादाच्या खात्यावर टाकलेत. कौलं पावसाच्या आत बदलून घ्या, मागच्या वर्षासारखं "बघू" नको. वहिनीची सोनोग्राफी त्यातूनच. मला जूनपासून पगारात थोडी वाढ आहे, किती ते पत्र हातात आल्यावर सांगेन, आत्याला आधी नको.

निपाणीचं स्थळ. मुलाचा फोटो बघितला, चांगला आहे, कान जरा पुढं आहेत पण ते चालेल. त्याच्या आईनं विचारलं म्हणे, "मुलगी गोव्याला असते, खाणं-पिणं कसं आहे?" तुम्ही "आमच्यासारखंच" म्हणालात. आबा, ते खरं नाही आणि फोटो आत्यापर्यंत पोचला म्हणजे निपाणीपर्यंत पोचलाच समजा. आपणच सांगून टाकू. मुलाचा नंबर द्या, मीच सांगते. त्यावर नाही म्हणाले तर पाहुण्यांचा चहा-पोह्यांचा खर्च वाचला. हे मी हसत लिहिते आहे, आई, तू रडत वाचू नकोस.

बेंदराला येते, दोन दिवसांची सुट्टी लिहून दिली आहे. पुरण तू एकटीनं वाटत बसू नकोस, मी आल्यावर वाटीन. सर्जाची शिंगं रंगवायला दादानं मागच्या वेळसारखा ऑइलपेंट आणू नये. तो आता बसला की उठायला किती वेळ घेतो ते तू सांगितलंस, ते ऐकून... असो. दर वर्षी त्याला पहिली पोळी मी भरवते. या वर्षी मी भरवली तर चालेल का, हे आज्जीला विचारून ठेव. तिला सगळं सांगून मग विचार. नको म्हणाली तर मी ताट धरून बाजूला उभी राहीन, तेवढं तरी चालावं.

आज्जीला नमस्कार, दादा-वहिनीला सांगणं वर आहेच.

तुमची,
बायडी

ता. क. चौदातले दोन हजार सर्जाच्या पेंडीचे आहेत. ते कौलांत घालू नका.