आठ स्टॉप बोर्डांच्या कामातील त्रुटी व बिलातील तफावतीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

विषय: आवारातील अंतर्गत रस्त्यांवरील आठ स्टॉप बोर्डांचा पुरवठा व उभारणी
संदर्भ: आपले कोटेशन, आमची वर्क ऑर्डर व आपले अंतिम बिल

महोदय,

कोटेशनमध्ये आपण प्रत्येक बोर्डाचा एकच ठोक दर दिला होता: 'पुरवठा व उभारणीसह, सर्व समाविष्ट'. त्या आकड्यावरच आम्ही बजेट मंजूर करून घेतले. अंतिम बिलात मात्र त्याच कामाचे पत्रा, शीट, पाइप, काँक्रीट, वेस्टेज, वाहतूक असे तुकडे पाडून रक्कम वाढवली आहे. ठोक दर असेल तर कमी-जास्त खर्च आपला. मोजमापावर बिल करायचे असेल तर प्रत्यक्ष जागेवर जे भरेल तेवढेच. जिथे माल वाचला तिथे ठोक आणि जिथे खर्च वाढला तिथे मोजमाप, हे आम्हाला मान्य नाही. बिल आपणच मोजमापावर आणले आहे, म्हणून आम्हीही टेप घेऊन मोजले.

सर्वांत गंभीर बाब लाल रंगाची. कोटेशनमध्ये प्रिझमॅटिक रिफ्लेक्टिव्ह शीट (सूक्ष्म प्रिझममुळे उजेड जास्त परत फेकणारी) लिहिली आहे. बसवलेल्या बोर्डांची पांढरी अक्षरे गुळगुळीत आहेत, प्रिझमॅटिक शीटवर दिसणारी जाळी त्यांवर नाही. म्हणजे ती इंजिनीअर ग्रेड, त्याहून कमी चमकणारी हलकी शीट आहे. त्याहून वाईट म्हणजे लाल पार्श्वभूमी म्हणून साधे अपारदर्शक व्हायनिल (प्लॅस्टिकची फिल्म) चिकटवले आहे. पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह शीटवर पारदर्शक लाल शाईची छपाई किंवा पारदर्शक लाल फिल्म असेल तरच हेडलाइटचा उजेड लाल होऊन परत येतो. साध्या व्हायनिलवरून तो परत येतच नाही. रात्री अक्षरे तेवढी चमकतात आणि भोवतालचा अष्टकोन काळा दिसतो. स्टॉप बोर्ड ओळखायचा तो लाल अष्टकोनावरून, अक्षरे वाचता येण्याच्या कितीतरी आधी. खात्री करायची असेल तर अंधारात दहा मीटरवर उभे राहून टॉर्च डोळ्यालगत धरा आणि बोर्डाकडे पाहा. टॉर्च कमरेपाशी धरून काही कळणार नाही, कारण उजेड जिथून आला तिथेच परत जातो.

हा प्रश्न पैशांचाही आहे. इंजिनीअर ग्रेडची हमी साधारण ७ वर्षांची मिळते आणि प्रिझमॅटिकची १० वर्षांची. बजेटमध्ये बदलीचा खर्च आम्ही १० वर्षांनी धरला आहे.

आता शीटचे माप. अष्टकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर ७५० मिमी असेल तर त्याचे क्षेत्रफळ ०.४६६ चौ. मी. भरते. आपण बिलात ७५० × ७५० मिमीचा पूर्ण चौरस, म्हणजे ०.५६२५ चौ. मी. लावला आहे. चौरसातूनच कापावे लागते आणि चार कोपऱ्यांचे सुमारे २२० मिमीचे त्रिकोण वाया जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे नुसता चौरस लावला असता तर हरकत नव्हती. पण त्यावर पुन्हा १० टक्के वेस्टेज कशाचे? तेच कोपरे दोनदा विकले गेले आहेत. ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र ठरल्याप्रमाणे २ मिमी जाडीचा भरला, त्याबद्दल तक्रार नाही.

पाइपची गोष्ट अशी. बोर्डाची खालची कड जमिनीपासून २.१ मी. वर हवी, बोर्ड ०.७५ मी. आणि पायात ०.६ मी., म्हणजे एक खांब ३.४५ मी. बिलात तेवढीच लांबी आहे, आठ खांबांचे २७.६ मी. प्रत्यक्षात आले आहेत ३ मीटरचे तुकडे, एकूण २४ मी. कारण उघड आहे: ६ मीटरच्या पाइपमधून ३ मीटरचे दोन तुकडे पडतात आणि काहीच वाया जात नाही, तर ३.४५ काढला की २.५५ मीटरचा तुकडा उरतो. तो उरलेला तुकडा दरात धरायला हवा होता. खांब आखूड करून तो भागवायचा नव्हता.

आखूड खांबामुळे पुढचे सगळे बिघडले. उंची कमी पडते म्हणून खड्डे उथळ घेतले. एक खांब कलला तेव्हा त्याचा पाया उकरून पाहिला. ४५० × ४५० × ६०० मिमीऐवजी तो ३०० × ३०० × ४५० मिमी निघाला. काँक्रीट ०.१२१५ घनमीटरऐवजी ०.०४०५, बरोबर एक तृतीयांश. बिल अर्थातच पूर्ण मापाचे आहे. इतके करूनही खालची कड १.८ मीटरवरच राहिली आहे. शेजारी टेम्पो उभा राहिला की बोर्ड त्याच्याआड जातो.

उकरलेल्या खांबाच्या तळाशी आडवा बारही नाही. गोल पाइपला खाली १२ मिमीचा एखादा आडवा बार वेल्ड केला नाही, तर वाऱ्याने बोर्ड काँक्रीटमध्येच फिरतो. दोन बोर्ड असे फिरले आहेत. फिरलेला स्टॉप बोर्ड नसलेल्या बोर्डापेक्षा घातक, कारण ज्याने थांबायचे त्याला तो दिसत नाही आणि ज्याला वाट मोकळी आहे तो मध्येच ब्रेक मारतो. शिवाय काँक्रीट ओतले त्याच दिवशी बोर्ड चढवले. आधी खांब ओळंब्यात धरून टेकू द्यायचे आणि काँक्रीट पक्के झाल्यावरच बोर्ड लावायचा, हे आपल्या फिटरला सांगावे लागू नये.

बोल्टच्या डोक्याखाली नायलॉन वॉशर नाहीत. आवळताना डोक्याबरोबर शीट पिळली गेली आहे आणि प्रत्येक भोकाभोवती चुण्या पडल्या आहेत. तिथून पाणी आत शिरून शीट सुटणार. मागच्या लोखंडी क्लॅम्प आणि ॲल्युमिनियममध्येही काही घातलेले नाही, तिथे ॲल्युमिनियम खाल्ले जाईल. आठ बोर्डांच्या बजेटमध्ये वॉशरचा खर्च नजरेतही भरत नाही, म्हणून याचे जास्त आश्चर्य वाटते.

रस्त्यावरची स्टॉप लाइन कोटेशनमध्ये नव्हती, ती आम्ही वेगळी करून घेऊ.

आमची मागणी: आठही खांब ३.४५ मीटरचे, तळाशी आडव्या बारसह आणि पूर्ण मापाच्या पायात नव्याने उभे करावेत. पत्रे तेच चालतील, मात्र जुनी शीट पूर्ण काढून, पत्रा साफ करून प्रिझमॅटिक शीट पारदर्शक लालसह लावावी. जुन्यावर नवी चिकटवू नये. पाया भरण्याआधी प्रत्येक खड्डा आमच्या माणसासमोर मोजला जावा. जुने पाये काढणे, राडारोडा उचलणे आणि काम चालू असताना बॅरिकेड व माणूस ठेवणे हे सगळे आपल्या खर्चाने. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कामाचे वेळापत्रक आणि मूळ ठोक दराचे सुधारित बिल पाठवावे. तोपर्यंत उर्वरित रक्कम दिली जाणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास हे काम दुसऱ्याकडून करून घेऊन तो खर्च त्याच रकमेतून वळता केला जाईल.

आपला,
व्यवस्थापक, आवार देखभाल विभाग

सोबत: मोजमाप तक्ता, उकरलेल्या पायाचे व बोल्टभोवतीच्या चुण्यांचे फोटो, बोर्डांचे रात्रीचे फोटो, कोटेशन व बिलाच्या प्रती