रविवारी गारफिल्ड पार्कला यायचंय, आठवण

मंडळी, फेब्रुवारी संपत आला तरी शिकागोची थंडी काही हटत नाहीये, दारातला बर्फ आता काळाकुट्ट झालाय आणि बघवत पण नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे येत्या रविवारी सकाळी साडेदहाला गारफिल्ड पार्क कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे झाडांच्या मोठ्या काचघराच्या, दारात भेटायचंय. शिकागोत राहणाऱ्यांना एंट्री फ्री आहे पण वेळ ऑनलाइन आधी बुक करून ठेवा, दारात उभं राहून फोन काढत बसू नका प्लीज, बोटं गोठतात! गाडी नसेल तर ग्रीन लाइन ट्रेनचं स्टेशन अगदी समोरच आहे.

जे पहिल्यांदा येतायत त्यांच्यासाठी, हे काचघर 1908 सालचं आहे, लँडस्केप आर्किटेक्ट येन्स येन्सनने डिझाइन केलेलं. आत शिरलं की चष्मा लगेच धुरकट होतो आणि ओल्या मातीचा वास येतो, मला तर दरवर्षी गावाकडचा जूनचा पहिला आठवडाच आठवतो. फर्न रूममध्ये दगडांमधून पाणी वाहतं, तिथे जरा शांत बसू. 2011 च्या गारपिटीत तिथली काच पार फुटली होती, आता बघून वाटत पण नाही. पुढच्या दालनात केळी, ऊस, कोको वगैरे, पोरांना ऊस दाखवा पण तोडायला लावू नका, मागच्या वेळी एका आजोबांना मोह आवरला नव्हता, नाव सांगत नाही.

जाड जॅकेट गाडीतच ठेवा, आत घाम फुटतो. थर्मासमध्ये चहा आणतेय, तो मात्र नंतर बाहेर पार्किंगमध्ये. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर आकडा टाका, लहान मुलं धरून.